घटक ४ : राजाचा सांगावा – प्राचीन राजाज्ञा आणि तिचा प्रवास

४.१ प्रास्ताविक



‘सांगावा’ हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. लेकीच्या सासरी सांगावा धाडतात, शेतावर गेलेल्या माणसाला घरून सांगावा जातो. त्या दिशेने निघालेल्या कोणाजवळ चार शब्द द्यायचे आणि त्याने ते तसेच्या तसे जाऊन सांगायचे, एवढीच ही व्यवस्था. मागील घटकात आपण शिलालेख व ताम्रपट ही भाषाभ्यासाची साधने कशी ठरतात, ते पाहिले. या घटकात त्याच साधनांकडे आपण निराळ्या बाजूने पाहणार आहोत. राजाने उच्चारलेला शब्द शेकडो मैलांवरच्या अधिकाऱ्यापर्यंत कसा पोहोचत असे, तो राजाचाच आहे हे कशावरून ओळखले जाई आणि पोहोचल्यावर त्याचे काय होई, हे प्रश्न येथे महत्त्वाचे आहेत.

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी इजिप्त किंवा इराणपर्यंत जाण्याची गरज नाही. त्या देशांचा उल्लेख ओघात येईलच. तुमच्यापैकी जे भडगाव, पाचोरा, चाळीसगाव या परिसरातून हा अभ्यासक्रम करीत आहेत, त्यांच्या गावांजवळून वाहणारी गिरणा नाशिक जिल्ह्यातील डोंगरांत उगम पावते. त्याच जिल्ह्यात, नाशिक शहरालगतच्या त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांत (पांडवलेणी), सातवाहन राजांची पत्रे दगडावर कोरलेली आहेत. ‘पत्रे’ हा शब्द येथे अलंकारिक अर्थाने वापरलेला नाही. त्यांत पत्र लिहिणाऱ्याचे आणि ज्याला लिहिले त्याचे नाव आहे, मजकूर आहे, तारीख आहे, लेखनिकाची नोंद आहे. भारतात प्रत्यक्ष राजपत्रांचा इतका जुना आणि इतका तपशीलवार पुरावा फार थोड्या ठिकाणी सापडतो. म्हणून या घटकाचा मोठा भाग आपण तेथेच घालवू आणि शेवटी गिरणेच्या खोऱ्यात परत येऊ.

४.२ गोवर्धनच्या अमात्याला आलेले पत्र

नाशिकच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या कारकिर्दीच्या १८व्या वर्षीचा एक लेख आहे. गौतमीपुत्राचा काळ सर्वसाधारणपणे इसवी सनाच्या पहिल्या शतकाची अखेर ते दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध या दरम्यान मानला जातो. लेखाची भाषा प्राकृत आणि लिपी ब्राह्मी आहे. त्याचा आशय आपल्या भाषेत असा सांगता येईल :

वैजयंती सेनेच्या विजयी छावणीतून, गोवर्धनातील बेनाकटकचा स्वामी गौतमीपुत्र श्री सातकर्णी गोवर्धन येथील अमात्य विष्णुपालित याला आज्ञा करतो. अपर-कखडी गावात ऋषभदत्ताच्या उपभोगात असलेले दोनशे निवर्तनांचे शेत आम्ही त्रिरश्मीवरील भिक्षूंना देत आहोत. त्या शेताला सवलतीही देत आहोत. तेथे राजसेवकांनी प्रवेश करू नये, कोणी त्याला हात लावू नये, मिठासाठी ते खणू नये, प्रांतातील अधिकाऱ्यांनी त्यात ढवळाढवळ करू नये. या सवलती तू पाळाव्यास आणि शेताची व सवलतींची नोंद तेथे करवून घ्यावीस.

‘निवर्तन’ हे जमीन मोजण्याचे त्या काळचे माप. ‘मिठासाठी खणू नये’ या कलमाने आपण क्षणभर थांबतो. मिठावर राजाचा हक्क असे आणि तो बजावण्यासाठी राजाची माणसे कोणाच्याही शेतात कुदळ घालू शकत. म्हणजे दान देताना राजाला आपल्याच नोकरांपासून त्या दानाचे संरक्षण करावे लागत होते.

ऋषभदत्ताचा उल्लेखही सहज आलेला नाही. ऋषभदत्त (लेखांतील रूप उसभदत, उषवदात) हा क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई. त्याच त्रिरश्मी डोंगरावर त्याचे स्वतःचे दानलेख आहेत. गौतमीपुत्राने क्षहरातांचा पराभव केला आणि त्यानंतर हे पत्र छावणीतून निघाले. कालपर्यंत शत्रूच्या जावयाकडे असलेली जमीन आज आपण दान करीत आहोत, हे सांगणारे हे वाक्य आहे. गोवर्धनच्या अमात्याला ते वाचताना राज्य बदलल्याची खूणगाठ पटली असणार.

आता लेखाच्या शेवटच्या ओळींकडे या. अभ्यासक्रमाच्या दृष्टीने मला त्या सर्वांत मोलाच्या वाटतात. त्यांत चार कामांची नोंद आहे. आज्ञा तोंडी दिली गेली (‘अवियेन आणतं’ या शब्दांचा अर्थ असा लावला जातो). शिवगुप्त नावाच्या अमात्याने ती लिहिली. ‘महासामिय’ म्हणवणाऱ्यांनी ती पाहिली किंवा सांभाळली. या पदाच्या नेमक्या अर्थाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. नंतर १८व्या वर्षी, पावसाळ्याच्या दुसऱ्या पंधरवड्याच्या पहिल्या दिवशी पट्टिका देण्यात आली. शेवटी तापस नावाच्या माणसाचे नाव येते. काम तडीस नेणारा तो.

म्हणजे राजाच्या तोंडून निघालेला शब्द लेखनिकाच्या हाती, तेथून तपासणाऱ्यांकडे, मग वाटेवर, मग गोवर्धनच्या अमात्याकडे, त्याच्या दप्तरात आणि अखेर दगडावर असा गेला. दगडावरचा मजकूर हे मूळ पत्र नव्हे, हे ध्यानात ठेवा. मूळ पत्र नाशवंत वस्तूवर होते व ते नाहीसे झाले. ज्यांच्या लाभाची ती आज्ञा होती त्यांना तिचा पुरावा हवा होता, म्हणून तिची नक्कल भिंतीवर आली. सामान्य सरकारी पत्र कोणी लेण्यात कोरीत नाही. त्यामुळे दान आणि सवलती यांविषयीची पत्रे टिकली. सैन्य हलवण्याची, कर वसूल करण्याची, कोणाला कैद करण्याची पत्रे टिकली नाहीत. प्राचीन राजे सदैव दानधर्मच करीत होते असा समज शिलालेख वाचून होतो, त्याचे कारण हे आहे.

४.३ न नांगरलेले शेत

पत्र निघाले, पोहोचले, नोंदले गेले. पुढे काय झाले? बहुतेक प्राचीन आज्ञांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. येथे ते मिळते, कारण त्याच भिंतीवर, पहिल्या लेखाला लागून, सहा वर्षांनंतरचे दुसरे पत्र कोरलेले आहे.

हे पत्र गौतमीपुत्राच्या २४व्या वर्षीचे. या वेळी ते एकट्या राजाचे नाही. राजा गौतमीपुत्र सातकर्णी आणि जिचा पुत्र हयात आहे अशी राजमाता महादेवी, या दोघांच्या वचनाने ते निघाले आहे. गोवर्धनचा अमात्यही बदलला आहे. आता तेथे श्यामक आहे. पत्राची सुरुवात क्षेमकुशलाने होते : श्यामकाला आरोग्य चिंतावे, आणि मग पुढीलप्रमाणे सांगावे. पुढचा मजकूर सरळ आहे. त्रिरश्मी डोंगरावर, आमच्या धर्मदानाच्या लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंना आम्ही पूर्वी कखडी गावात शेत दिले होते. ते शेत कसले जात नाही. ते गावही वसत नाही. असे असल्यामुळे, येथे नगराच्या शिवेवर आमच्या मालकीचे जे राजशेत आहे, त्यातील शंभर निवर्तने आम्ही या भिक्षूंना देत आहोत.

‘शेत कसले जात नाही, गाव वसत नाही.’ मूळ लेखात ही दोन अगदी छोटी वाक्ये आहेत. कसलाही खुलासा नाही, कोणावर ठपका नाही. परंतु त्यांच्यामागे केवढा व्यवहार दडला आहे, याचा विचार करा. पहिले पत्र विधिवत निघाले होते. त्यात प्रत्येक सवलत नाव घेऊन सांगितली होती. आज्ञेत कोणतीही उणीव नव्हती. पण जमिनीवर नांगर धरणारा माणूसच नव्हता. युद्धात गाव उठले असेल, पाणी आटले असेल, जुने कुळ पळून गेले असेल. लेख काही सांगत नाही आणि आपणही तर्क लांबवू नये. एवढे मात्र नक्की की भिक्षूंना त्या शेतातून काही मिळत नव्हते, आणि ही गोष्ट कोणीतरी राजापर्यंत पोहोचवली. उलट दिशेने गेलेले ते निवेदन आज आपल्यापाशी नाही. राजाचे उत्तर आहे, म्हणून ते होते हे कळते.

पहिल्या दानात दोनशे निवर्तने होती, दुसऱ्यात शंभर. भिक्षूंचा यात तोटा झाला असे मला वाटत नाही. नगराच्या शिवेवरची, माणसांच्या वावरातली शंभर निवर्तने ओसाड गावातल्या दोनशेंपेक्षा अधिक मोलाची, हे तुमच्यापैकी शेती करणाऱ्यांना सांगायला नको. अशी दुरुस्ती पुढेही झाली. गौतमीपुत्राचा वारस वासिष्ठीपुत्र पुळुमावी याने २२व्या वर्षी गोवर्धनच्या अमात्याला, शिवस्कंदिलाला, पाठवलेल्या पत्रात पूर्वी दिलेल्या सुदसन गावाच्या बदल्यात सामलिपद हे गाव दिल्याचे नमूद आहे.

२४व्या वर्षीच्या पत्राचा शेवटही वाचण्यासारखा आहे. आज्ञा तोंडीच दिली गेली. मात्र ती लिहिणारी व्यक्ती आहे लोटा नावाची प्रतिहाररक्षी, म्हणजे राजद्वारावर पहारा करणारी स्त्री. लोटा स्वतः लिपी लिहीत होती की लेखनाची व्यवस्था तिच्याकडे होती, याविषयी दुमत होऊ शकेल. तरीही राजमातेच्या नावाने निघालेल्या पत्रावर दाराशी असणाऱ्या स्त्रीची नोंद असणे स्वाभाविक वाटते. आत कोणाला सोडायचे आणि आतला शब्द बाहेर कोणाच्या हाती द्यायचा, हे जिच्या हाती, तिचे स्थान लहान नव्हते.

याच पत्रावर दोन तारखा आहेत, दोन्ही २४व्या वर्षीच्या : एक पावसाळ्यातील चौथ्या पंधरवड्याची, दुसरी उन्हाळ्यातील दुसऱ्या पंधरवड्याची. दान करणे आणि लेख पुरा करणे अशा दोन टप्प्यांच्या या तारखा मानल्या जातात. मध्ये काही महिने गेले आहेत. राजाज्ञेलाही दप्तरातून बाहेर पडायला वेळ लागतो.

४.४ ‘वतवो’ आणि ‘सांगावा’

आता एका शब्दावर लक्ष केंद्रित करू. श्यामकाला आरोग्य चिंतावे, असे सांगताना लेखात ‘आरोगं वतवो’ असे शब्द आहेत. ‘वतवो’ म्हणजे संस्कृत ‘वक्तव्यः’. त्या काळच्या ब्राह्मी लेखनात जोडाक्षरातील द्वित्व दाखवीत नसत. उच्चार ‘वत्तव्वो’ असाच असणार. अमात्य हे पद पुल्लिंगी एकवचनी, म्हणून शेवटी ‘ओ’.

संस्कृतातील ‘-तव्य’ हा प्रत्यय प्राकृतात ‘-अव्व’, ‘-इअव्व’ होतो आणि मराठीत तो ‘-आवा, -आवी, -आवे’ या रूपाने येतो. कर्तव्य–करावे, वक्तव्य–बोलावे ही जोडी तुम्ही व्याकरणाच्या घटकात पाहिली आहे. ‘सांगावा’ हे नामही मुळात असेच : जे सांगायचे आहे ते. म्हणजे राजाच्या पत्रातील ‘वतवो’ आणि आपल्या घरातील ‘सांगावा’ यांत धातू निराळा आहे, प्रत्यय मात्र एकच आहे. आणि दोहोंमागची कल्पनाही एकच आहे.

ती कल्पना कोणती? हे पत्र श्यामकाला ‘तू असे कर’ असे थेट म्हणत नाही. ‘श्यामकाला असे सांगावे’ असे ते म्हणते. मग ते कोणाशी बोलते आहे? जो माणूस श्यामकासमोर उभा राहून ते वाचणार आहे, त्याच्याशी. लिहिलेले पत्र म्हणजे मौखिक निरोपाला दिलेला आधार होता. आरंभी तोंड, शेवटी तोंड आणि मध्ये लेखन, अशी ही रचना आहे.

हीच शब्दयोजना याहून सुमारे साडेतीनशे वर्षे जुन्या लेखात आढळते. कर्नाटकातील ब्रह्मगिरी येथील अशोकाच्या लघुशिलालेखाचा आरंभ असा आहे की, सुवर्णगिरीहून आर्यपुत्राच्या आणि महामात्रांच्या वचनाने इसिल येथील महामात्रांना आरोग्य चिंतावे आणि पुढीलप्रमाणे सांगावे. ‘वचनाने’, ‘आरोग्य’, ‘सांगावे’ ही तिन्ही पदे त्याच क्रमाने नाशिकला पुन्हा येतात. मौर्यांचे राज्य गेले, मध्ये कितीतरी सत्ता आल्या-गेल्या, पण लेखनिकांची ठराविक वाक्ये गुरूकडून शिष्याकडे चालत राहिली. राजवंशापेक्षा दप्तराची भाषा अधिक चिवट असते, याचे हे उत्तम उदाहरण. ब्रह्मगिरीच्या लेखाखाली लेखनिक चपड याने आपले नाव घातले आहे आणि ‘लिपिकराने’ हा शब्द वायव्येकडील खरोष्ठी लिपीत लिहिला आहे. हा माणूस, किंवा निदान त्याची विद्या, किती लांबून आली होती हे त्या एका शब्दावरून दिसते.

आणखी मागे गेलो तर तोच नमुना भारताबाहेर मिळतो. इजिप्तमध्ये अमार्ना येथे १८८७ मध्ये मातीच्या भाजलेल्या व कच्च्या पाट्या सापडल्या. इ.स.पू. चौदाव्या शतकातील हा राजांचा पत्रव्यवहार बहुतांशी अक्कादी भाषेत आहे. इजिप्तच्या राजाची ती भाषा नव्हती. पत्र पोहोचल्यावर ते कोणीतरी वाचून, उलगडून सांगणे भागच होते. त्या पत्रांचा आरंभ ‘अमक्याला सांग : अमका असे म्हणतो’ अशा धर्तीचा असतो. दोन संस्कृतींत थेट देवाणघेवाण झाली असा याचा अर्थ घेऊ नका. लिहिता-वाचता येणारे थोडे आणि राजाज्ञा ऐकणारे पुष्कळ, अशी स्थिती जेथे असते तेथे पत्राला हे रूप येते.

अशोकाला या गोष्टीची पूर्ण जाणीव होती. धौली व जौगड (ओडिशा) येथील स्वतंत्र लेखांत त्याने अधिकाऱ्यांना बजावले आहे की हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी ऐकवला जावा, एकच माणूस असला तरी त्यालाही ऐकवावा. सारनाथच्या लेखात एक प्रत कार्यालयात ठेवावी, दुसरी उपासकांजवळ असावी, अशी सूचना आहे. महाराष्ट्रात सोपारा येथे अशोकाच्या आठव्या व नवव्या शिलालेखांचे तुकडे मिळाले आहेत. त्या बंदरात माल उतरवणाऱ्या किती जणांना ब्राह्मी वाचता येत असेल? लेख दगडावर होता तो पुराव्यासाठी. लोकांपर्यंत तो वाचणाऱ्याच्या आवाजाने गेला.

थोडे थांबा : वर ४.२ मध्ये दिलेला पत्राचा आशय घरातील कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. कोणती वाक्ये ऐकताना लक्षात राहतात आणि कोणती पुन्हा वाचावी लागतात, याची वहीत नोंद करा.

४.५ वाट, वाहक आणि खूण

पत्र वाटेवर निघाले की ते कोणाच्या हाती असे? प्राचीन जगात या बाबतीत सर्वाधिक कीर्ती मिळाली ती इराणच्या हखामनी सम्राटांच्या व्यवस्थेला. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने सार्डिस ते सुसा या राजमार्गाचे वर्णन केले आहे. त्यावर १११ मुक्काम होते आणि पायी जाणाऱ्याला तो पार करण्यास ९० दिवस लागत. राजाचा निरोप मात्र ठरलेल्या अंतरावर ताज्या घोड्यानिशी थांबलेल्या स्वारांच्या हातोहाती जाई. वायव्य भारत काही काळ त्या साम्राज्यात होता. अशोकाच्या शाहबाझगढी येथील लेखात लेखासाठी वापरलेला ‘दिपि’ हा शब्द प्राचीन इराणी भाषेतून आला आहे.

सातवाहनांच्या राज्यात घोडेस्वारांची अशी साखळी होती, असे सांगणारा पुरावा नाही. वाटा मात्र होत्या, आणि त्यांतील एक खानदेशातून जात होती. प्रतिष्ठान (पैठण) येथून उत्तरेकडे माहिष्मती व उज्जयिनीला जाणारा मार्ग बौद्ध वाङ्मयाला परिचित आहे. सातमाळ्याचा डोंगर उतरून चाळीसगावच्या बाजूला येणाऱ्या वाटेजवळ पितळखोऱ्याची लेणी आहेत. तेथील दात्यांमध्ये प्रतिष्ठानचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी मितदेव आणि राजवैद्य मगिल यांची नावे कोरलेली आहेत. डोंगराच्या त्या कुशीत राजवैद्याचे नाव सापडते, यावरून ती वाट केवळ गुराख्यांची नव्हती हे उघड आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या वृत्तांतात भडोच बंदरापासून पैठण दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे म्हटले आहे. ही गती मालाच्या गाड्यांची. एकटा निरोप्या याहून लवकर जात असणार. पण पावसाळ्यात गिरणा-तापीला पूर आला की राजाचा निरोप्या आणि वाण्याची गाडी एकाच काठावर थांबत असतील, याबद्दल मला शंका नाही.

निरोप नेणाऱ्यांची प्रतवारी कौटिलीय अर्थशास्त्रात आहे. अमात्याचे सर्व गुण ज्याच्या अंगी आहेत तो ‘निसृष्टार्थ’ : त्याला वाटाघाटी करून निर्णय घेण्याची मोकळीक. एक चतुर्थांश गुण कमी असलेला ‘परिमितार्थ’ : त्याला नेमून दिलेल्या मर्यादेतच बोलता येते. अर्धे गुण असलेला ‘शासनहर’ : त्याने पत्र न्यावे, पोहोचवावे, परत यावे. मराठी वाचकाला पहिल्या प्रकारासाठी कृष्णशिष्टाई आठवेल. कृष्ण कौरवसभेत गेला तो पाठ केलेला निरोप म्हणून दाखवण्यासाठी गेला नव्हता. दूताने मद्य घेऊ नये आणि एकट्याने झोपावे, असेही अर्थशास्त्र सांगते, कारण झोपेत आणि नशेत माणसाच्या पोटातले ओठावर येते. दूत कोणीही असो, त्याला मारू नये. तो दुसऱ्याचे शब्द बोलत असतो. वनातून शत्रू किंवा रानटी टोळ्या येत असल्याची खबर मुद्रा बांधलेल्या पाळीव कबुतरांकरवी किंवा धूर व अग्नी यांच्या मालिकेने राजाला कळवावी, अशीही सूचना त्या ग्रंथात आहे. हा ग्रंथ काय असावे ते सांगतो. नाशिकचे लेख काय झाले ते सांगतात. दोन्ही साधने वापरताना हा भेद विसरू नका.

निरोप खरा कशावरून, हा प्रश्न वाहकाइतकाच जुना. अशोकवनात सीतेने हनुमंतावर विश्वास ठेवला तो रामाची मुद्रिका पाहिल्यावर. राजपत्रांत हेच काम मुद्रेने केले. ताम्रपटांचे पत्रे एका कडीत ओवून तिच्यावर राजमुद्रा बसवीत. वाकाटकांच्या ताम्रपटांच्या आरंभी ‘दृष्टम्’ असा शब्द येतो. मजकूर पाहिला, ही त्याची खूण. शिवकालीन व पेशवेकालीन पत्रांवरील ‘मोर्तब सूद’ पाहिलेल्यांना या ‘दृष्टम्’ची ओळख करून देण्याची गरज नाही.

येथे एक निरीक्षण नोंदवतो. नाशिकच्या पत्रांत राजाचे नाव आहे, राजमातेचा उल्लेख आहे, अमात्यांची, लेखनिकांची, काम तडीस नेणाऱ्यांची नावे आहेत. छावणीपासून गोवर्धनपर्यंत ती पट्टिका घेऊन जो चालला, त्याचे नाव कोठेही नाही. पुढील काळातील अनेक ताम्रपटांत ‘दूतक’ म्हणून नाव दिलेले असते, पण तो दूतक बहुधा मोठा अधिकारी किंवा राजपुत्र असतो. राजाचे तोंडी वचन स्थानिक अधिकाऱ्यांना कळवण्याची जबाबदारी त्याची. पायांनी वाट तुडवणारा माणूस निराळाच. या संपूर्ण साखळीत जो प्रत्यक्ष चालला, तेवढाच निनावी राहिला.

४.६ आज्ञेची भाषा : वाशीम ते पाटणे

शब्द पोहोचला, मुद्रा ओळखली, वाचणाराही मिळाला. तरी ऐकणाऱ्याला तो कळला पाहिजे. मराठी भाषेच्या अभ्यासकाला या विषयाशी सर्वांत जवळचा धागा येथे सापडतो.

सातवाहनांची पत्रे आरंभापासून शेवटपर्यंत प्राकृतात आहेत. चौथ्या शतकातील वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा वाशीम येथे सापडलेला ताम्रपट पाहा. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि प्रत्यक्ष आज्ञा, म्हणजे कोणते गाव दिले आणि कोणत्या सवलती दिल्या, हा भाग प्राकृतात आहे. पूर्वजांची थोरवी प्रतिष्ठेच्या भाषेत सांगितली. पण करवसुली करणाऱ्याने काय करू नये, हे मात्र व्यवहाराच्या भाषेत.

पुढील शतकांत दानपत्रांवर संस्कृतचे वर्चस्व वाढले, आणि मग आपण खानदेशात परत येतो. चाळीसगाव तालुक्यात, सातमाळ्याच्या पायथ्याशी पाटणे हे गाव आहे. भडगावहून चाळीसगाव आणि तेथून पाटणादेवी, हा प्रवास तुमच्यापैकी अनेकांनी नवरात्रात केला असेल. तेथील शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०७ चा, शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांपुढे आणला. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून त्याने येथे मठ स्थापला, आणि यादवांचा मांडलिक निकुंभ वंशातील सोइदेव याने त्या मठाला उत्पन्न लावून दिले.

लेखाचा बराच मोठा भाग संस्कृत पद्यात आहे. त्यात निकुंभांची स्तुती आहे, भास्कराचार्यांच्या कुळाचे वर्णन आहे. आणि शेवटी, जेथे मठाला काय मिळणार हे सांगायचे आहे तेथे, भाषा एकदम बदलते. तो भाग मराठीत आहे. पाटणच्या बाजारात जे ‘केणें’, म्हणजे विक्रीचा माल, उघडेल त्यावर गिऱ्हाइकाकडून ‘राउळा’ला, म्हणजे राजाला, मिळणारे उत्पन्न ‘मढा’ला, म्हणजे मठाला दिले आहे. जितके घाणे चालतील तितक्यांमागे पळीपळी तेल मठाचे. येथे जे मोजायचे ते मठाच्या मापाने मोजावे.

संस्कृत श्लोक कोणासाठी होते आणि या मराठी ओळी कोणासाठी, हे सांगावयास नको. घाणा चालवणाऱ्या तेल्याला भास्कराचार्यांचे गोत्र माहीत नसले तरी चालण्यासारखे होते; आपल्या घाण्यातून किती तेल द्यायचे हे मात्र त्याला कळलेच पाहिजे होते. मोजण्याविषयीच्या त्या कलमात ‘मवावें’ असे क्रियापद आहे. ‘मवणे’ म्हणजे मापणे. गोवर्धनच्या अमात्याला उद्देशून आलेल्या ‘वतवो’मधील तोच प्रत्यय, हजार वर्षांनंतर, गिरणेच्या खोऱ्यातील बाजारपेठेत तेली-वाण्यांना काय करायचे ते सांगतो आहे, आणि तो आता मराठी आहे.

स्वाध्याय

१. गौतमीपुत्राच्या १८व्या व २४व्या वर्षीच्या पत्रांची तुलना करा. पहिले पत्र निर्दोष असूनही दुसरे का पाठवावे लागले, हे लेखातील मजकुराच्या आधारे लिहा.

२. ‘वतवो’, ‘सांगावा’ आणि ‘मवावें’ या तीन रूपांतील समान घटक स्पष्ट करून ‘-आवा, -आवी, -आवे’ प्रत्यय असलेली दहा रूपे आपल्या परिसरातील बोलीतून गोळा करा. आपण अहिराणी बोलत असाल किंवा ऐकत असाल, तर त्या बोलीत हाच अर्थ कोणत्या रूपाने व्यक्त होतो, तेही नोंदवा.

३. आपल्या घरातील किंवा गावातील एखादे जुने सरकारी पत्र, सातबाऱ्याचा उतारा किंवा नोटीस घ्या. त्यातील आज्ञा देणारा, लिहिणारा, पोहोचवणारा आणि नोंद ठेवणारा यांपैकी कोणाकोणाचे नाव त्या कागदावर आढळते, ते पाहून एक परिच्छेद लिहा.